कपड्यांतील रसायने : अर्धाच विचारलेला प्रश्न

कपड्यांतील घातक रसायनांविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले-बोलले जाते. नव्या कपड्याला येणारा उग्र वास, उन्हाळ्यात काखेत उठणारे पुरळ, लहान मुलांचे भडक रंगाचे कपडे अशी सुरुवात होते आणि ‘आपण अंगावर विष घालून हिंडतो आहोत’ येथे शेवट होतो. शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांतही हा विषय शोभून दिसतो. परातीत पाणी, पाण्यात लाल फडके, पाणी लाल झाले की शेजारच्या तक्त्यावर ‘ॲझो रंग’ आणि ‘कर्करोग’ हे दोन शब्द! विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. तो ज्या रीतीने मांडला जातो तिच्याबद्दल मात्र आमची तक्रार आहे. ती शिक्षकांपुढे ठेवायची, कारण असे तक्ते शेवटी आपल्याच वर्गात तयार होतात.

आधी त्या परातीतल्या लाल पाण्याचे पाहू. कपड्याचा रंग जातो याचा अर्थ रंग धाग्यावर नीट बसलेला नाही, एवढाच. तो विषारी आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. मंजिष्ठेने रंगवलेले फडकेही कच्चे असेल तर रंग सोडते. उलट, बंदी घातलेल्या रंजकाने पक्के रंगवलेले कापड परातीत तासभर ठेवले तरी पाणी स्वच्छ राहू शकते.

दुसरी गोष्ट, ‘ॲझो’ हे कोणा एका विषाचे नाव नाही. ते एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. ज्या रेणूत दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने एकमेकांशी जोडलेले असतात आणि दोहों बाजूंना बेंझीनसारखी कडी असतात, तो ॲझो रंजक. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंजकांपैकी निम्म्याहून अधिक या कुळातले आहेत. आपल्या प्रयोगशाळेतले मिथिल ऑरेंज याच कुळातले. मिठाईत मर्यादेत वापरायला कायद्याने परवानगी असलेला टार्ट्राझीन हा पिवळा रंगही त्याच कुळातला. धोका आहे तो काही शाखांचा. या शाखांतल्या रंजकांचा नायट्रोजन-जोडीचा बंध तुटला की कर्करोगकारक अरोमॅटिक अमाइन सुटे होतात. युरोपीय कायद्याच्या यादीत असे २२ अमाइन आहेत. भारतात ११२ रंजकांवर बंदी आहे. तेव्हा ‘ॲझो म्हणजे कर्करोग’ असे तक्त्यावर लिहिणे म्हणजे एका भावाने चोरी केली म्हणून साऱ्या भावकीला कोठडीत घालणे होय.

हे झाले रसायनशास्त्राच्या अचूकतेबद्दल. आमची मोठी तक्रार वेगळी आहे आणि ती नीट समजण्यासाठी एका रंजकाचा इतिहास पाहावा लागेल.

१८८४ साली काँगो रेड हा रंजक बाजारात आला. त्याआधी सुती कापडावर रंग बसवायचा तर बहुतेक रंगांना तुरटीसारखा रंगबंधक लागत असे. कापड आधी त्यात मुरवायचे आणि मग रंगवायचे. काँगो रेडला ही खटपट लागत नव्हती. गरम पाण्यात रंग, त्यात सुती कापड, झाले काम! असे रंजक भराभर निघू लागले आणि त्यांतल्या अनेकांच्या रेणूच्या मध्यभागी एकच संयुग होते : बेंझिडीन. बेंझीनची दोन कडी एकमेकांना जोडलेली आणि दोन्ही टोकांना एकेक अमाइन गट. दोन्ही टोकांना ॲझो बंध बांधता येत असल्यामुळे रंजक बनवणाऱ्यांना ते फार सोयीचे होते. (विज्ञानाच्या जुन्या शिक्षकांना हे नाव दुसऱ्या संदर्भात आठवेल. रक्ताचा अंश ओळखण्याच्या चाचणीत बेंझिडीन सर्रास वापरले जाई.)

काँगो रेड येऊन जेमतेम अकरा वर्षे झाली होती. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी जर्मन शल्यविशारदांच्या सभेत एक निरीक्षण मांडले. फुक्सीन या रंजकाच्या कारखान्यातील ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यांना गाठी आढळल्या होत्या. एरवी क्वचित दिसणारा विकार एकाच कारखान्यात तिघांना होतो, हे त्यांना योगायोगाचे वाटले नाही. नेमके कोणते रसायन दोषी, हे ठरायला पुढे वेळ लागला. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अहवालाने बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन यांच्याकडे स्पष्ट बोट दाखवले.

मूत्राशयच का, असे विद्यार्थी विचारतील आणि विचारलेच पाहिजे. हे अमाइन श्वासावाटे, त्वचेतून किंवा पोटातून शरीरात जातात. यकृत त्यांना पाण्यात विरघळेल असे रूप देते आणि ते मूत्रावाटे बाहेर पडू लागतात. पण मूत्र मूत्राशयात तासन् तास साठून राहते. शरीरातील सर्व जागांपैकी याच पिशवीच्या अस्तराचा या पदार्थांच्या क्रियाशील रूपांशी सर्वांत दीर्घकाळ संबंध येतो. गाठ दिसायला वीस-वीस वर्षेही लागतात. तोवर कामगाराने कारखाना सोडलेलाही असतो.

आता सनावळी पाहा. कामगारांचा आजार सभेत मांडला गेला १८९५ साली. ब्रिटनने बेंझिडीनचे उत्पादन व वापर नियमाने बंद केला १९६७ साली. भारतात बेंझिडीनवर आधारित ४२ रंजकांवरील बंदी लागू झाली १९९३ साली. मात्र कापडधंद्यात खरी खळबळ उडाली ती १९९४ मध्ये. जर्मनीने त्या वर्षी असे अमाइन सोडणाऱ्या रंजकांनी रंगवलेले, त्वचेला लागणारे कपडे विकायला मनाई केली. जर्मनी हे आपल्या कापडाचे मोठे गिऱ्हाईक. निर्यातदार धावपळ करू लागले, तपासणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि मार्च १९९७ मध्ये भारत सरकारने आणखी ७० रंजकांवर बंदी घातली. २००२ साली सगळ्या युरोपीय संघासाठी तसा निर्देश निघाला.

रंग बनवणारा कामगार आजारी पडतो हे कळून शंभर वर्षे होत आली, तेव्हा कापड नेसणाऱ्याच्या काळजीने जगाचा बाजार हलला. जर्मन कायदा वाईट होता असे आम्हाला म्हणायचे नाही. तो चांगलाच होता आणि त्याने आपल्या कामगारांचेही भले झाले. पण ते त्याच्या सावलीत झाले, एवढे लक्षात ठेवावे.

धोक्याचे प्रमाण कोठे किती, याचे गणित बारावीचा विद्यार्थी सहज करील. काँगो रेडचा रेणुभार सुमारे ६९७ आणि बेंझिडीनचा १८४. एका रेणूतून एक बेंझिडीन सुटते. म्हणजे एक किलो काँगो रेड पूर्ण फुटला तर सुमारे २६४ ग्रॅम बेंझिडीन. युरोपीय कायद्याची मर्यादा आहे किलोभर कापडामागे प्रत्येक अमाइन ३० मिलिग्रॅम. २०० ग्रॅमच्या शर्टात ही मर्यादा होते ६ मिलिग्रॅम. म्हणजे रंगाऱ्याने उघडलेल्या एका किलोच्या पुड्यात चव्वेचाळीस हजार शर्टांच्या मर्यादेएवढे बेंझिडीन दडलेले असते. शर्टातला रंग धाग्याला धरून बसलेला असतो. पुड्यातली भुकटी हवेत उडते, हातांना लागते, भाकरीबरोबर पोटात जाते.

हेच गणित थोडे पुढे नेले तर कायद्यातल्या मर्यादेचाही अर्थ उलगडतो. कापडाच्या वजनाच्या दोन टक्के रंग चढवला असे धरा. २०० ग्रॅमच्या शर्टावर ४ ग्रॅम काँगो रेड, म्हणजे १ ग्रॅमहून थोडे अधिक बेंझिडीन. मर्यादेच्या पावणेदोनशे पट. तेव्हा ही मर्यादा ‘इतके अंगाला चालेल’ असे सांगणारी नाही. बंदी असलेला रंग कोणी जाणूनबुजून वापरला की नकळत चुकार अंश मिसळला, हे वेगळे करणारी ती रेघ आहे. तक्त्यांवर आणि लेखांत तिला ‘सुरक्षित प्रमाण’ म्हटले जाते, ते बरोबर नाही.

मग कापड नेसणाऱ्याची काळजी अगदीच निराधार आहे का? तसे मुळीच नाही. पॉलिएस्टरला लागणाऱ्या डिस्पर्स वर्गातील काही निळ्या रंजकांनी, विशेषतः डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ यांनी, त्वचेला ॲलर्जी होते हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. घट्ट कपडे आणि अस्तर जेथे घासते तेथे पुरळ उठते. सुरकुत्या न पडणाऱ्या सुती कपड्यांवर जी रेझिने चढवतात त्यांतून फॉर्माल्डिहाइड सुटते. जपानने १९७३ सालीच त्यावर कायदा केला आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांत ते जवळजवळ नसावेच असे ठरवले. अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी कार्यालयाने २०१० साली १८० वस्तू तपासल्या. त्यांतल्या दहांत फॉर्माल्डिहाइड जपानच्या ७५ पीपीएम या मर्यादेहून अधिक निघाले. नवा कपडा एकदा धुऊन मग घालावा, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची सूचना येथे रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

नेसणाऱ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण अमेरिकेतले. १९७० च्या दशकात तेथे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांनी सहज पेट घेऊ नये असा नियम झाला. तो पाळण्यासाठी कापडात ट्रिस नावाचे ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक मुरवले जाऊ लागले, तेही कापडाच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के. जानेवारी १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, ट्रिसमुळे जीवाणूंच्या जनुकांत उत्परिवर्तने होतात. एप्रिलमध्ये असे कपडे विकायला बंदी आली. पुढच्या वर्षी मुलांच्या लघवीत ट्रिसपासून तयार झालेला पदार्थही सापडला. म्हणजे कापडातून अंगात जाते ही कल्पना नव्हती, मोजून पाहिलेली गोष्ट होती. (या ब्लमबाई गिर्यारोहकही होत्या. त्याच १९७८ साली त्यांच्या नेतृत्वाखालील महिलांच्या तुकडीने अन्नपूर्णा शिखर सर केले.) पण याच गोष्टीचे शेपूटही सांगायला हवे. अमेरिकेत विकता न येणारे हे कपडे परदेशी धाडण्याचे प्रकार झाले आणि १९७८ साली निर्यातीवर वेगळी बंदी घालावी लागली.

तेव्हा नेसणाऱ्याचा प्रश्न खोटा नाही, तो अर्धा आहे. ‘या कपड्यात काय आहे?’ एवढे विचारून आपण थांबतो. हा कपडा तयार होताना काय वापरले, ते कोणाच्या हातांतून गेले आणि कोठे सांडले, हा उरलेला अर्धा प्रश्न. तो विचारला की विषांची यादीच बदलते.

मिठाचे उदाहरण घ्या, साधे खायचे मीठ. सुती कापड रंगवायला आज मुख्यतः रिॲक्टिव्ह वर्गाचे रंजक वापरतात. पाण्यात कापूस आणि रंजक या दोघांवरही ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. ते जवळ यावेत म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. गडद रंगाला लीटरमागे ६० ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. किलोभर कापडाला दहा लीटर पाणी धरले तर मीठ झाले ६०० ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या एका बनियनमागे ९० ग्रॅम! हे मीठ कापडात राहत नाही. धुऊन काढतात तेव्हा ते सगळेच्या सगळे पाण्याबरोबर जाते. सोबत धाग्याला न चिकटलेला रंगही जातो; सामान्यतः दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत.

तमिळनाडूतील तिरुप्पूर हे बनियन आणि टी-शर्टचे शहर. तेथील शेकडो रंगाई कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात असे. खाली ओरत्तुपाळयम येथे १९९२ च्या सुमारास शेतीसाठी धरण बांधून झाले आणि काही वर्षांतच ते खारट, रंगीत पाण्याचे तळे बनले. धरणाचे पाणी सोडू नका, असे खालचे शेतकरीच म्हणू लागले. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी नको म्हणण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्यातील मीठ वेगळे काढून पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा बसवल्यावरच ते सुरू होऊ लागले. तिरुप्पूरच्या टी-शर्टांत मीठ नव्हते, बंदीचा अमाइन नव्हता. ते जर्मनीतल्या कोणत्याही चाचणीत उत्तीर्ण झाले असते.

रंग बनवण्याच्या टोकाला तर याहून कठीण. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी १९८८-८९ मध्ये निर्यातीसाठी एच-आम्ल तयार केले गेले. हे ॲझो रंजकांचे कच्चे द्रव्य. माल झाला अवघा ३७५ टन, पण त्याच्या कित्येक पट गाळ आणि आम्लयुक्त पाणी उघड्यावर सोडले गेले. विहिरींचे पाणी काळपट-तांबूस झाले आणि माणसांच्या, जनावरांच्या, पिकांच्या कामाचे राहिले नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील त्याने भरावे’ या तत्त्वावर निकाल दिला. तरी निश्चित केलेली ३७ कोटींहून अधिक रक्कम व्याजासह भरा, असे २०११ साली त्याच न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. एच-आम्लापासून होणारे अनेक काळे-निळे रंजक बंदीच्या यादीत नाहीत, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

यादीत न येणारी आणखी एक वस्तू म्हणजे वाळू. विटक्या जीन्सची फॅशन आली तेव्हा तुर्कस्तानात नव्या जीन्सवर दाबाने वाळू फवारून त्या ‘जुन्या’ केल्या जात. ते काम करणाऱ्या तरुणांना खाणकामगारांचा सिलिकोसिस होऊ लागला आणि २००९ साली तेथे या पद्धतीवर बंदी आली. आणि आपल्या घरचेच पाहायचे तर कापूस. ‘शुद्ध सुती, नैसर्गिक’ म्हणून जो आपण हौसेने घेतो, त्याच्या पिकावर २०१७ च्या हंगामात फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात ठेवावे लागले. सरकी काढून, सूत कातून, उकळत्या पाण्यातून आणि ब्लीचमधून गेलेल्या कापडात त्या कीटकनाशकाचा अंश शोधून सापडणे कठीण. नेसणाऱ्याला काही झाले नाही.

म्हणून ‘केमिकल-फ्री’ आणि ‘नैसर्गिक’ या शब्दांवर विसंबू नये असे आम्ही सुचवू. कापूस स्वतःच सेल्युलोजचा, म्हणजे रसायनाचा. नीळ झाडाची असो की कारखान्याची, रेणू तोच. वनस्पतिज रंग पक्का करायला तुरटी वापरली तर फारसे बिघडत नाही. बायक्रोमेट वापरले तर रंग झाडाचा असूनही सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम जाते. ‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ सारखी १९९२ पासूनची प्रमाणपत्रे अधिक प्रामाणिक आहेत. तयार कापडात अमुक पदार्थ अमुक मर्यादेत आहेत एवढेच ती सांगतात. कारखान्यातले पाणी आणि कामगार यांची तपासणी करणारी प्रमाणपत्रे निराळी असतात. दुकानात मात्र सगळी लेबले सारखीच दिसतात आणि गिऱ्हाईक सगळ्यांचा एकच अर्थ लावते.

आपल्या पाठ्यपुस्तकांनी येथे काय केले? एनसीईआरटीच्या सातवीच्या जुन्या विज्ञान-पुस्तकात तंतूपासून कापडापर्यंतचा प्रवास सांगणारा एक धडा होता. लोकर निवडणाऱ्या कामगारांना अँथ्रॅक्सच्या जीवाणूंमुळे होणाऱ्या आजाराचा त्यात उल्लेख होता आणि अशा धोक्यांना व्यवसायजन्य धोके म्हणतात, हेही सांगितलेले होते. शालेय पुस्तकात कामगाराचे शरीर दिसावे ही दुर्मीळ गोष्ट. त्या लेखकांचे कौतुक केले पाहिजे. पण त्याच धड्यात रंगवण्याची पायरी मात्र एका वाक्यात आटोपली होती. जणू लोकर रंगात बुडवली आणि रंगली. २०२२ साली अभ्यासाचा भार कमी करताना तो धडाच गेला आणि अँथ्रॅक्सबरोबर कामगारही गेला. कमी झालेल्या भाराचे वजन कोणी केले होते का, हे विचारायला हवे होते.

धडा नाही म्हणून वर्गात विषय घेता येत नाही असे नाही. परातीतल्या लाल पाण्याऐवजी वर दिलेली दोन गणिते फळ्यावर करून घ्यावीत. काँगो रेडचे गणित अकरावी-बारावीला आणि मिठाचे सातवीलाही जमेल. घरातल्या टी-शर्टांचे वजन करून कुटुंबाच्या कपड्यांमागचे मीठ काढायला मुलांना मजा येते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूर अशा कापडाच्या गावांतल्या शाळांना आणखी एक गोष्ट करता येईल. वस्तीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी आणावे. नळाचे आणि डिस्टिल्ड पाणी शेजारी ठेवावे. प्रत्येक परीक्षानळीत नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब शिक्षकांनी स्वतः घालावेत आणि पांढरा साका कोठे किती दाट येतो ते पाहावे. हा साका क्लोराइडचा. क्लोराइड घरगुती सांडपाण्यातूनही येते आणि काही ठिकाणी जमिनीतूनच येते. तेव्हा साका दाट आला म्हणून लगेच कोणा कारखान्याकडे बोट दाखवू नये. वरच्या अंगाला काय काय आहे, पाणी केव्हापासून बदलले, विहिरीचे मालक काय सांगतात, हे मुलांनी विचारून वहीत लिहावे आणि हीच तपासणी पावसाळ्यानंतर पुन्हा करावी.